सहा फुटी फाटक आणि सेडानची बदलती अंगकाठी: तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ता

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचं फाटक चौकटीपासून चौकटीपर्यंत बरोब्बर सहा फूट आहे. म्हणजे १८२९ मिलिमीटर. पंधरा दिवस झाले, हा आकडा मला झोपेतही आठवतो. नवीन गाडी घ्यायची आहे, सेडानच, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेलीच घ्यायची आहे, आणि घरातले सगळे मला वेड्यात काढताहेत.

बाबांची पद्मिनी आत यायची तेव्हा दोन्ही अंगांना जवळजवळ वीतभर जागा उरायची. गाडी जेमतेम १४६० रुंद. पुढे एस्टीम आली, १५७५. तीही बाबा पानाचा तोबरा सांभाळत, मान न वळवता आत घालायचे. माझी २००५ ची सिटी, लोक जिला डॉल्फिन म्हणतात ती, १६९०. तिला दोन्हीकडे चार-चार बोटं. आताच्या स्लाव्हिया आणि व्हर्टस १७५२, व्हर्ना १७६५. एकेका बाजूला दोन बोटं, तीही माझ्या मुलीची. आरसे मिटले तरी त्यांची पाठ थोडी बाहेर राहतेच, तो हिशेब वेगळा.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. एस्टीम समोरून यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही भाव नसायचे. आताची कुठलीही गाडी मागच्या आरशात पाहिली की आपण तिचे पैसे बुडवलेत असं वाटतं. हे माझं वय बोलतंय, की खरंच तसं आहे?

म्हणून हा धागा. तुमची सेडान कुठे अडली, कुठे शोभली, का घेतली, का विकली, पुन्हा घ्याल का, ते लिहा. बडोद्यातले लिहितीलच, बडोदं सोडून गेलेल्यांनीही लिहा. फक्त ब्रोशरमधली वाक्यं चिकटवू नका. आणि शेजाऱ्याच्या गाडीबद्दल लिहायचं असेल तर शेजारी इथे वाचत नाही ना, ते आधी बघा.

रावपुऱ्याचा हिशेबनीस

फाटकाची गोष्ट वाचून हसलो, कारण माझं आयुष्य लांबीत गेलं, तुमचं रुंदीत.

२००८ ला पहिली डिझायर आली तेव्हा मी लगेच घेतली. ४१६० मिलिमीटर लांब. त्याआधी २००६ च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनच्या गाड्यांची एक्साइज २४ वरून १६ टक्क्यांवर आली होती. टाटांनी ते ओळखून २००८ मध्येच इंडिगो सीएस काढली, चार मीटरच्या आत बसवलेली पहिली सेडान. मारुतीने २०१२ ला दुसरी डिझायर आणली ती ३९९५ ची. ती धाकट्या भावाने घेतली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या, हार घातले, आणि मी मागून बघितलं. भावाची गाडी म्हणजे माझंच वाक्य, शेवटचा शब्द गिळून टाकलेलं.

गंमत बघा. लांबी कायद्याने बांधली, रुंदी कुणी बांधली नाही. डिझायर १६९० होती, मग १६९५, २०१७ ला १७३५. २०२४ ची नवीन डिझायरसुद्धा ३९९५ लांब आणि १७३५ रुंद. म्हणजे पुढे-मागे वाढायला बंदी, तर ती बाजूला वाढली. आमच्याकडे पन्नाशीत माणसं वाढतात तशी.

आणि तुम्ही ज्या पद्मिनीचं कौतुक करताय ती मुळात चार मीटरच्या आतच होती. तेव्हा तिला कुणी छोटी गाडी म्हटलं नाही. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के, आणि त्याहून मोठीला ४०. पाच मिलिमीटर आत थांबायचे एवढे पैसे मिळत असतील तर कोण नाही थांबणार? तुमच्या फाटकाला अजून एक गाडी चालेल: ऑरा, १६८० रुंद, म्हणजे तुमच्या सिटीपेक्षा बारीकच. पण तुम्ही तिला सेडान म्हणाल का, ते तुम्हीच ठरवा.

थर्ड गिअर

काका, ऑरा सुचवलीत? सेडानच्या धाग्यावर? 🙏

रावपुऱ्याचा हिशेबनीस

बाळा, मी सीए आहे. मी फाटकाचं उत्तर दिलं, मनाचं नाही.

पावागढच्या पायथ्याशी

मी जनरल मोटर्सच्या हालोलच्या कारखान्यात पेंट शॉपला होतो. १९९६ ला ओपेल ॲस्ट्रा निघाली तेव्हापासून. सकाळी बस बडोद्याहून सुटायची, लोक झोपायचे, आणि खिडकीतून पावागढ दिसायला लागला की आपोआप डबे सावरून बसायचे. त्याआधी याच आवारात हिंदुस्तान मोटर्सचे ट्रक होत असत. ॲस्ट्रानंतर २००० साली कोर्सा आली, मग ऑप्ट्रा, टवेरा, एव्हिओ, क्रूझ. २०१७ ला ते सगळं थांबलं आणि आता तिथे एमजीच्या गाड्या होतात. मी त्याच्या आधीच रिटायर झालो होतो.

गाडीच्या दिसण्याबद्दल बोलायचं तर मी रंगाऱ्याच्या नजरेने बोलणार. पत्र्याची बॉडी आधी धुतात, मग फॉस्फेट, मग ईडी कोट. ईडी म्हणजे अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवायची आणि वीज सोडून रंग चढवायचा. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, सगळ्यात वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. ॲस्ट्राचं अंग गोलसर होतं. दारावरून हात फिरवला तर हात कुठे अडत नसे. रंगाऱ्याला अशी गाडी म्हणजे सुटीचा दिवस.

आता दारावर चाकूने कापल्यासारख्या धारा असतात. ओला रंग धारेवर थांबत नाही, मागे सरतो, आणि तिथे थर पातळ बसतो. कारखान्यात त्याचा बंदोबस्त असतो, पण घरी नसतो. मालक हौसेने दर रविवारी पॉलिश घासतो, आणि सगळ्यात आधी धारेवरचाच क्लिअर जातो. तीन-चार वर्षांनी उन्हात ती रेघ निस्तेज दिसायला लागते.

मुलाने दोन वर्षांपूर्वी नवीन सेडान घेतली. प्रत्येक दारावर दोन-दोन धारा. मी त्याला ती धुऊ देत नाही, स्वतः धुतो, मऊ फडक्याने, धारेच्या कडेकडेने. त्याला वाटतं बाबांना गाडी फार आवडली.

कोर्साचं एक सांगायचं राहिलं. तिची तीन अंगं निघाली: डिकीवाली सेडान, हॅचबॅक ती सेल, आणि मागे लांब टप असलेली स्विंग. मला मनातून स्विंग आवडायची. सामान घालायला तिच्यासारखी सोय नव्हती. पण आमच्या बसमध्ये ज्याला विचारावं त्याला सेडानच हवी असायची. बायकोच्या माहेरी डिकीवाली गाडी न्यायची असते, हे कारण मी स्वतः दोघांच्या तोंडून ऐकलंय.

षड्ज

मी गाणं शिकवते, गाडी चालवते आणि दोन तानपुरे सांभाळते. या तिन्हींचं एकमेकांशी काय नातं असतं ते तानपुरा असलेल्यालाच कळेल.

नवरा म्हणतो, आपल्या सिटीच्या डिकीत ५०६ लिटर जागा आहे. असेल. तानपुरा लिटरमध्ये मोजत नाहीत. डिकी आत कितीही खोल असली तरी तिचं तोंड किती, हा खरा प्रश्न. एस्टीमच्या काळात मागची काच संपली की डिकीचं झाकण चांगलं हातभर लांब असायचं. आता छत मागे उतरत उतरत डिकीपर्यंत येतं, काच आडवी पडते, आणि झाकण होतं पोस्टाच्या पेटीएवढं. आत गुहा, बाहेर फट. माझी पेटीसुद्धा तिरकी करून, एक कोपरा आधी, असं समजावत घालावी लागते. एकदा साथीदाराने घाईने सरळ घातली आणि भात्याच्या बाजूचं लाकूड खरचटलं. त्या दिवसापासून पेटी मीच ठेवते.

तानपुरा तर डिकीत कधीच नाही. बडोद्याच्या मे महिन्यात डिकीत भोपळा ठेवायचा म्हणजे त्याला तडा जाण्याचं आमंत्रण. तो मागच्या सीटवर झोपतो, एसीत, भोपळा डाव्या दाराशी, मान उजव्या खिडकीकडे. माणसांना मागे बसायला मिळत नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, "मी रिक्षाने येते, त्याला नीट ने."

ज्या गाडीत खरंच सोय होती ती मामांची पहिली ऑक्टाव्हिया. दिसायला सेडान, पण मागचं झाकण काचेसकट वर उघडायचं. सीट पाडल्या की तानपुरा आणि डग्गा दोघंही ऐसपैस. मामांना मात्र त्याचं कौतुक नव्हतं. त्यांच्या मते काचेसकट उघडते ती गाडी सेडान नव्हेच. त्यांनी ते झाकण पाहुण्यांसमोर कधी उघडलं नाही.

भाऊ म्हणतो एसयूव्ही घे. त्याच्या गाडीत दोनदा पेटी नेली. मागे सगळं उघडं, वळणावर पेटी सरकते, आणि ट्रॅफिकमध्ये शेजारचा माणूस काचेतून विचारतो, "बेन, भजनमंडळ छे?" सेडानच्या डिकीत सामान असतं हे कुणाला कळत नाही, हे सुख मी सोडणार नाही.

गॅसच्या रांगेत

षड्जताई, तुम्हाला डिकी आहे हेच नशीब. आमची सीएनजी. गुजरातेत राहून रोज मकरपुऱ्याला जाऊन-येऊन पेट्रोल कोण भरणार? गाडी घेतली तीन खोक्यांची: एकात इंजिन, एकात आम्ही, तिसऱ्यात सिलिंडर. डिकी आमची, राहतो भाडेकरू, आणि भाडंही तोच वाचवतो म्हणून काढता येत नाही. टाटांनी एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवायची युक्ती काढली, त्यात बॅगा तरी मावतात. पुढची तशीच घेईन.

दिसण्याबद्दल: रांगेत तासभर उभं राहिलं की सगळ्या गाड्या मागून सारख्याच दिसतात.

थर्ड गिअर

माझं वय २६, सेडानप्रेमी, म्हणजे मित्रांच्या भाषेत "अंकल". व्हर्टस, एक लिटरची, मॅन्युअल.

काकांनी पद्मिनीची मापं दिली तर मी एक देतो. नव्वदच्या दशकातली बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, ई-थर्टीसिक्स, जिचे पोस्टर अजून माझ्या खोलीत आहेत, ती ४४३३ लांब आणि सतराशेच्या आत रुंद. २०२० ला आलेली पाचवी सिटी ४५४९ लांब, १७४८ रुंद. म्हणजे आपल्याकडची "मिडसाइझ" ही त्या काळच्या थ्री सिरीजपेक्षा मोठी गाडी आहे. थ्री सिरीज स्वतः आता ४७०० च्या पुढे गेली. सगळ्यांच्याच कमरा वाढल्यात, फक्त सेडानला दोष देऊ नका.

मला गाडी कशासाठी हवी ते सांगतो. अहमदाबाद एक्सप्रेसवे, ९३ किलोमीटर, पहाटे साडेपाच. मित्राची एसयूव्ही पुढे, मी मागे. दोघंही शंभरच्या मर्यादेत. आडवा वारा आला की त्याची गाडी आधी डुलते, मग तो स्टिअरिंग सावरतो, मग डोकं सावरतो. माझ्या गाडीला वारा कळतो, मला कळत नाही. वजन खाली, टप खाली, बूड खाली. एसयूव्हीत बसून रस्ता बघायला मिळतो, सेडानमध्ये रस्त्यावर बसायला मिळतं.

आता खरी अडचण. आमच्या गोत्रीच्या सोसायटीतला बम्प. तो कुणी बांधला माहीत नाही, बहुतेक एखाद्या धरणाच्या कंत्राटदाराने. नियमाने गोल, पसरट असावा, तो आहे त्रिकोणी. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, १७९ मिलिमीटर हा रिकाम्या गाडीचा आकडा असतो. चार मित्र आणि त्यांची पोटं भरली की ती गाडी राहत नाही. शिवाय दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त तितकं मधलं पोट टेकायची भीती जास्त, म्हणून नुसता क्लिअरन्स बघून काही कळत नाही. माझी युक्ती: बम्पच्या आधी तिघांना उतरवायचं, गाडी तिरकी घालायची, मग तिघांनी धावत येऊन बसायचं. वॉचमनकाका आता आम्हाला बघून आपणहून बाजूला होतात.

ओली माती

धागाकर्त्यादादा, तुमचं वय बोलत नाहीये. गाड्या खरंच चिडक्या झाल्यात, आणि त्याला कारणं आहेत. मी फाइन आर्ट्सला शिल्प शिकले, आता शिकवते. गाडीवेडी नाही, पण गाडीचा नमुना आधी मातीतच घडतो, म्हणून तिच्याकडे बघायची सवय लागली.

डोळ्यांपासून सुरू करते. पूर्वी दिव्यात साधा बल्ब असायचा आणि त्याच्यामागे प्रकाश पुढे फेकायला चांगली मोठी वाटी लागायची. म्हणून डोळा मोठा, गोल किंवा चौकोनी, टक्क उघडा. एलईडीला वाटीची गरज उरली नाही. दिवा पट्टीएवढा बारीक करता येतो. आता बारीक केलेला डोळा आणि वर तिरकी भुवई याला माणसाचं मन एकच नाव देतं, राग. २०२३ च्या व्हर्नाला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग उजेडाची रेघच आहे. तो मला राग वाटत नाही, मिटलेला डोळा वाटतो. पण माझ्या बहिणीला तीच गाडी देखणी वाटते.

मग नाक. समोरून माणूस धडकला तर त्याचं डोकं बॉनेटवर आपटतं. बॉनेटखाली लगेच इंजिनचं लोखंड असेल तर संपलं. म्हणून पत्रा आणि इंजिन यांच्यात दबायला जागा ठेवावी लागते, बॉनेट वर येतं, आणि नाक उंच, सपाट होतं. एवढ्या मोठ्या कपाळाचं करायचं काय? जाळी मोठी करा. तिथून ते जबडे आले.

पोटाचंही तसंच. दाराच्या आत आता बाजूच्या धडकेसाठी लोखंडी दांड्या असतात, एअरबॅग असतात. २०१७ पासून नव्या गाड्यांना बाजूच्या धडकेची चाचणी पास व्हावी लागते. दार जाड होतं, बाहेर सरकतं, आणि कंबररेषा, म्हणजे जिथे पत्रा संपून काच सुरू होते ती रेघ, वर चढते. माझ्या मुलीला मागच्या सीटवरून सुरसागर दिसत नाही, आकाश दिसतं. एस्टीममध्ये मी तिच्याएवढी असताना मला तलावही दिसायचा आणि काठावरचा भुट्टेवालाही.

त्या धारांबद्दल, पावागढकाका, एक बाजू मांडते. पातळ पत्र्याला घडी घातली की तो ताठ उभा राहतो. कागदाला मधे दुमडून धरून बघा. त्यामुळे धारेला काम आहे. फक्त एक काम असलेल्या धारेच्या शेजारी तीन बिनकामाच्या धारा काढतात, तेव्हा मला माझे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आठवतात. त्यांनाही कुठे थांबायचं ते कळत नाही.

त्याच विद्यार्थ्यांना दर वर्षी आठवणीतून एक गाडी काढायला सांगते. बहुतेकांच्या घरी सेडान नाही. तरी कागदावर येतात तीन खोकी: पुढे बुटकं, मधे उंच, मागे बुटकं, खाली दोन चाकं. त्यातलं मागचं खोकं मला प्रिय आहे. पुढून लय चढते, वर जाते, उतरते, आणि मग ते शेवटचं आडवं सपाट येतं, तिथे नजर बसते. आता छत सरळ शेपटीपर्यंत घसरवतात. वेगवान दिसतं खरं, पण नजरेला बसायला जागा नाही. आणि चार मीटरवाल्यांत जागा आहे, तर ती स्टुलाएवढी.

जानेवारी २०२३ ला लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्या मांडल्या होत्या, तिथे विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. ज्या गाडीसमोर मुलं सगळ्यात जास्त वेळ थांबली तिच्या अंगावर मोजून दोन रेघा होत्या.

लँडमास्टर

वय ८१. माझं टोपणनाव ज्या गाडीवरून आहे ती तुमच्यापैकी कुणी पाहिलीही नसेल.

सगळे लिहिताहेत की सेडान म्हणजे बुटकी आणि उंच गाडी म्हणजे नवं फॅड. अहो, अँबेसेडर जवळजवळ १६०० मिलिमीटर उंच होती! माझ्या लग्नात मी फेटा बांधून मागे बसलो होतो आणि फेटा टपाला लागला नव्हता. फियाट ११००, जिला आपण डुक्कर फियाट म्हणायचो, तीही काही जमिनीला चिकटलेली नव्हती. सेडान बुटकी झाली ती तुमच्या एस्टीमच्या काळात, १३९५. आता पुन्हा वर येत्येय. स्लाव्हिया १५०७, डिझायर १५२५. तुम्ही ज्याला बदल म्हणता त्याला मी घरी परतणं म्हणतो.

माझ्या गुडघ्यांचंही तेच मत आहे. बुटक्या गाडीत बसायचं म्हणजे पडायचं, आणि उतरायचं म्हणजे कुणाला तरी हाक मारायची. एसयूव्हीत उलट, चढायचं. मला हवी खुर्चीच्या उंचीची सीट, जिच्यावर नुसतं बसता येतं. अँबेसेडरची तशी होती.

फाटकाचा फोटो टाका.

अकोट्याचा तळमजला

सगळ्यांनी प्रेमाने लिहिलंय. मी जरा वेगळं लिहितो.

ऑगस्ट २०२४ चा पूर. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६. आमच्या बिल्डिंगला बेसमेंट पार्किंग आहे, ज्याचे आम्ही वेगळे पैसे मोजले होते. रात्री पाणी रस्त्यावर आलं तेव्हा मी खाली जाऊन बघितलं, चाकं भिजत होती. बाहेर काढावी तर रस्त्यावर त्याहून जास्त पाणी. वर आलो. सकाळी बेसमेंट दिसतच नव्हतं, पायऱ्यांच्या चौथ्या पायरीवर पाणी होतं.

तीन दिवसांनी पंप लावले. माझी सात वर्षांची सेडान तरंगत जाऊन शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून विसावली होती, लग्नातल्या दमलेल्या माणसासारखी. मी तिला हात लावला नाही. चावी फिरवली नाही. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्ट मारला तर पिस्टन पाणी दाबायला जातो, पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विमावाले म्हणतात हे नुकसान पुराने नाही, तुम्ही केलंत. वरच्या मजल्यावरच्या एका भल्या माणसाने "बघू तरी" म्हणून चावी फिरवली. त्याच्याकडे इंजिनचं वेगळं विमा कव्हरही नव्हतं. त्याचा दावा महिनोन्‌महिने लोंबकळला. माझी टोटल लॉस झाली, पैसे मिळाले, गाडी गेली.

बायको म्हणाली, आता उंच गाडी. घेतली. क्लिअरन्स आधीच्या गाडीपेक्षा पाचेक सेंटिमीटर जास्त. बेसमेंटमध्ये पाणी सात फूट होतं. हा हिशेब मी तिच्यासमोर कधी मांडला नाही.

नवीन गाडी वाईट नाही. पण रात्री जेवण झालं की मी पूर्वी उगीच खाली जाऊन जुन्या गाडीभोवती एक चक्कर मारायचो. या गाडीभोवती चक्कर मारावीशी वाटत नाही. टप तर दिसतच नाही, धुळीने भरला तरी कळत नाही.

थर्ड गिअर

काका, वाचून वाईट वाटलं. तुमच्याकडे विश्वामित्रीतली मगर आली होती का?

अकोट्याचा तळमजला

शेजारच्या सोसायटीत. वनखात्याची माणसं येऊन घेऊन गेली.

धागाकर्ता

लांब, बुटकी, ग्राउंड क्लिअरन्स शून्य, आणि पुरात सगळ्यांच्या पुढे. बडोद्याची खरी सेडान तीच.

गॅसच्या रांगेत

सीएनजी नाही ना पण तिच्यात 😀

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल काय झालं ते सांगतो.

शोरूमच्या मुलाला म्हटलं, टेस्ट ड्राइव्ह एक्सप्रेसवेवर नको, माझ्या घरी दे. बिचारा गाडी घेऊन दांडिया बाजारात आला. चार मीटरच्या वरची, १७५२ रुंद, लाल रंगाची. गल्लीतली निम्मी माणसं ओट्यांवर आली, उरलेली गॅलरीत. आरसे मिटले. बाबा काठी घेऊन फाटकात उभे राहिले आणि पद्मिनीच्या वेळी म्हणायचे तसंच म्हणायला लागले, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे." गाडीचे सेन्सर एकदम किंचाळायला लागले. बाबांनी काठीने बॉनेटकडे बोट दाखवून त्या मुलाला सांगितलं, "आधी तो भोंगा बंद कर, मला गाडी ऐकू येत नाही."

मुलाने गाडी अर्ध्यात सोडली, घाम पुसला आणि चावी माझ्या हातात दिली. मी घातली. खरंच गेली. डावीकडे बाबांनी काठी उभी धरली होती, ती निघेना, एवढीच फट.

मग चौकात पोहोचलो आणि लक्षात आलं की मी पंधरा दिवस रुंदी मोजत बसलो होतो. पद्मिनी चौकात तुळशीवृंदावनाला वळसा घालून तीन हिसक्यांत वळायची. सिटी पाचात वळते. ही साडेचार मीटरची गाडी अकरा वेळा पुढे-मागे करूनही वळेना. एकदा वृंदावन वाचवायचं तर जिना लागायचा, जिना वाचवायचा तर शेजारच्या काकूंचं कपड्यांचं दोरखंड. शेवटी तशीच उलटी, त्याच फाटकातून, कॅमेऱ्यात बघत बाहेर काढली. चौदा मिनिटं लागली. गॅलरीतून टाळ्या पडल्या.

बाहेर आल्यावर बाबा मागच्या सीटवर जाऊन बसले. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मला वाटलं आवडली. मग म्हणाले, "सीट छान आहे. पण इथून मला फाटक दिसत नाही रे."

हिशेबनीस, ऑराही बघून आलो, खोटं कशाला बोलू. वळेल. लँडमास्टरकाका, बाबा तिच्यात न वाकता बसले. बायकोला पसंत आहे, मुलीला रंग पसंत आहे, मला अजून एकदा मागून बघायची आहे.

तोवर सिटीला नवीन क्लचप्लेट टाकायला दिली आहे. फाटकाचा फोटो शनिवारी टाकतो. उजव्या चौकटीवर लाल रंगाची एक बारीक रेघ उमटली आहे, ती शोरूमवाल्यांनी अजून पाहिलेली नाही.